आधी ऊब, मग दूध: शिवाजी पेठेतल्या चार पोरक्या पिल्लांचं प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं जुनं, दुमजली, कौलारू घर. माडीवर जुन्या वाकळा रचून ठेवलेल्या, त्यांच्या खाचेत गल्लीतल्या एका मांजरीनं चार पिल्लं घातली होती. घरच्यांना पत्ता लागला तो वाईट कारणानं. संध्याकाळी मांजर गाडीखाली सापडली आणि रात्री नऊच्या सुमारास माडीवरून चिरका आवाज यायला लागला.

पिल्लांचे डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, आणि दोघांच्या पोटाला नाळेचा वाळका तुकडा अजून लोंबत होता. नाळ साधारण ३ ते ५ दिवसांत गळते. त्यावरून वय ४ दिवसांच्या आसपास धरलं. एक तांबडं, एक काळं-पांढरं, एक तिरंगी आणि एक राखाडी. राखाडी इतरांच्या पाऊणपट सुद्धा नव्हतं.

या घरात आई गेल्याचं नक्की ठाऊक होतं. तसं नसेल तर पिल्लं लगेच उचलू नयेत. मांजर खाणं शोधायला दोन-चार तास बाहेर राहते. ती पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात, त्यात तथ्य इतकंच की जागा धोक्याची वाटली की ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. तुम्हाला एखादं एकटं दिसतं तेव्हा ती दुसऱ्याला पोचवून परत येत असेल. लांबून पाहावं, हवं तर भोवती रांगोळीची पूड भुरभुरावी म्हणजे ती येऊन गेली का ते पावलांवरून कळतं. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लं टाकत नाही. हात लावल्यावर ती हलवेल, एवढंच.

पहिली रात्र

घरात संध्याकाळी गंगावेशीतून आणलेलं म्हशीचं दूध होतं. ते घट्ट असतं म्हणून निम्मं पाणी घातलं, ड्रॉपर घेतला, पिल्लांना तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं आणि प्रत्येकाला साधारण २ मिली पाजलं. राखाडीच्या नाकातून दुधाचे बुडबुडे आले, ते पुसून घेतले. मग चौघांना टोपलीत, पातळ पंच्यावर ठेवलं. मध्यरात्रीनंतर आवाज थांबला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गप निजल्यात बघा, प्वाट भरलंय त्यांचं."

पोट भरलं होतं हे खरं. पण पिल्लं निजली नव्हती, गारठली होती.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडी वाजली तरी ते थरथरत नाही, कारण स्वतःची ऊब तयार करण्याची ही युक्ती त्याच्या शरीराला अजून आलेली नसते. आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या ढिगात जी ऊब मिळेल तीच त्याची. या वयात गुदद्वारातलं तापमान ३५ ते ३६.५ अंश सेल्सिअस असावं लागतं. ते ३५ च्या खाली घसरलं की आतडी मंदावतात आणि मग थांबतात. दूध पोटात गेलं तरी पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं, पोट फुगतं, दूध वर येतं आणि श्वासनलिकेत उतरतं. पोरकी पिल्लं उपासमारीनं मरतात असा समज आहे. उपासमारीच्या आधी गारठा मारतो, आणि गारठलेल्या पिल्लाला मायेनं पाजलेलं दूध त्याला हातभार लावतं. कोल्हापुरातल्या पावसाळी रात्री माणसाला नुसत्या गार वाटतात. उघड्या टोपलीतलं १०० ग्रॅमचं पिल्लू तेवढ्यात काही तासांत थंड पडतं.

सकाळी साडेसातला मोजणी झाली. काटा स्वयंपाकघरातला, एकेक ग्रॅम दाखवणारा: तांबडं १२८, काळं-पांढरं १२१, तिरंगी ११७, राखाडी ८४. थर्मामीटर मेडिकलमध्ये मिळतो तो साधा डिजिटल, टोकाला व्हॅसलिन लावून जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत. तिघांचं तापमान ३४.२ ते ३४.९ च्या दरम्यान. राखाडीला लावल्यावर आकडाच येईना, 'लो' येत राहिलं. माणसांसाठीचे बरेच थर्मामीटर ३२ च्या खाली मोजत नाहीत. म्हणजे थर्मामीटर बिघडलेला नव्हता, पिल्लू ३२ च्या खाली होतं. तोंडात करंगळी घातली तर आतून गार, पोट टम्म, मान टाकलेली.

तीन तास दूध बंद

इथे घरच्यांचा हात पुन्हा ड्रॉपरकडे जात होता. तो थांबवणं हे या प्रकरणातलं सगळ्यात मोठं काम.

पुठ्ठ्याचा खोका घेतला. अर्ध्या तळाशी शेकायची रबरी पिशवी, दोन टॉवेलांत गुंडाळलेली, अर्धा तळ मोकळा. मोकळा भाग हवाच, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. टॉवेलावर हाताचा मागचा भाग मिनिटभर ठेवला आणि चटका बसला नाही तर पिल्लांना चालतं. तिघं त्यावर ठेवली. राखाडीला मऊ फडक्यात गुंडाळून घरातल्या मुलीनं अंगाशी, कपड्यांच्या आत धरलं आणि दर १५-२० मिनिटांनी कूस बदलली. हेअर ड्रायर, गरम पाण्याची आंघोळ, चुलीजवळ ठेवणं असलं काही करायचं नाही. झटक्यात तापवलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या फाकतात, उरलंसुरलं गरम रक्त तिकडे जातं, रक्तदाब कोसळतो. ऊब एक ते तीन तासांत, हळूहळू चढायला हवी.

या काळात राखाडीला दिलं ते फक्त साखरपाणी. ५० मिली उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, ग्लुकोज पावडर. बोट बुडवून हिरडीवर एक थेंब, पाच मिनिटांनी पुन्हा एक. गिळायला लावायचं नाही, हिरडीतून जेवढं मुरेल तेवढं. (कोल्हापूरच्या घरात गूळ कायम असतो, तोही सुचवला गेला. ग्लुकोज मोजून घेता येतं, स्वच्छ असतं आणि पचवावं लागत नाही, म्हणून तेच बरं.) चाळीस मिनिटांनी ३३.१, आणि सव्वादहाला ३५.४. त्याच सुमारास करंगळी तोंडात घातल्यावर त्यानं जीभ वळवून ओढली. ही चोखण्याची ओढ परत येणं म्हणजे दूध सुरू करायला हरकत नाही.

राखाडीला पशुवैद्यांकडे नेलं त्याचं कारण वेगळं होतं: नाकातून आलेलं दूध. त्यांना उजव्या बाजूला छातीत खरखर ऐकू आली. औषध त्यांनी वजनावरून मोजून दिलं. ८४ ग्रॅमच्या जिवाला अंदाजानं काहीही देता येत नाही. माणसांचं पॅरासिटामॉल तर मांजराला कुठल्याच वयात देऊ नये, ते तिच्यासाठी विष आहे.

कुठलं दूध, किती, कसं

म्हशीच्या दुधाबद्दल कोल्हापुरात वाईट बोलवत नाही. पण हिशेब पाहा. मांजरीच्या दुधात प्रथिनं सुमारे ७ टक्के. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास असला तरी प्रथिनं ४ टक्केच, आणि दुधातली साखर मांजरीच्या दुधापेक्षा जास्त. ती साखर पचत नाही, जुलाब होतात. निम्मं पाणी घातलं की प्रथिनं २ टक्क्यांवर येतात. म्हणजे जे कमी होतं ते आणखी अर्ध्यावर, आणि पिल्लू पोट भरून उपाशी. गाईचं दूध म्हशीच्या दुधाहून पातळ.

पेट शॉपमध्ये मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच आणावी. कुत्र्याच्या पिल्लांची नको. प्रमाण डब्यावर असेल तेच. "थोडं घट्ट" केलं की बद्धकोष्ठ, "थोडं पातळ" केलं की वजन वाढत नाही. दुकान बंद असेल तर एका रात्रीपुरतं: १०० मिली फुल क्रीम दूध, एका अंड्याचा फक्त पिवळा बलक, चमचाभर ताजं घट्ट दही, नीट फेटून गाळलेलं. सकाळी दुकान उघडलं की हे बंद.

मात्रा वजनावरून ठरते. दिवसाला दर १०० ग्रॅम वजनामागे २० ते २५ मिली. एका वेळी दर १०० ग्रॅममागे ४ मिलीपेक्षा जास्त नाही, पोटात तेवढीच जागा असते. १२० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाचे २४ ते ३० मिली, आठ वेळा विभागून ३ ते पावणेचार मिली. राखाडीला दर दोन तासांनी दीड मिली, असं दिवसातून बारा वेळा. ही मात्रा रोज सकाळच्या वजनावर पुन्हा काढायची.

साधन म्हणजे मेडिकलमधली २ मिलीची, सुई काढलेली सिरिंज. ड्रॉपरमध्ये किती गेलं ते कळत नाही आणि बोट दाबलं की एकदम धार सुटते. बाटली वापरली तर बुचाचं भोक असं हवं की उलटी धरल्यावर थेंब थेंब पडावा. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतपत, साधारण ३८ अंश. पिल्लू पोटावर, चारही पाय खाली टेकलेले, मान किंचित वर, जसं ते आईला पितं तसं. उताणं कधीही नाही. सिरिंजचं टोक तोंडाच्या कडेनं जिभेवर ठेवायचं आणि दट्ट्या आपण ढकलायचा नाही, त्याच्या ओढण्याबरोबर जाऊ द्यायचा. नीट पिणाऱ्या पिल्लाचे कान प्रत्येक घोटाला हलतात आणि पुढचे पंजे टॉवेल मळत राहतात. कान हलायचे थांबले की थांबावं. नाकात दूध आलं तर लगेच डोकं खाली करून पुसावं आणि त्या वेळचं पाजणं तिथेच सोडावं.

पाजून झालं की शी-शू. तीन आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाला ती स्वतः करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात पिळलेल्या कापसानं शेपटीखाली हलके, एकाच दिशेनं, मिनिटभर टिपत राहायचं. शू दर वेळी व्हायला हवी, रंग जवळपास पाण्यासारखा. गडद पिवळी आली तर पाणी कमी पडतंय. शी मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टसारखी, दिवसातून एक-दोनदा.

कालनिर्णयच्या चौकोनातली वजनं

वजनं लिहायला भिंतीवरचं कालनिर्णय घेतलं. त्या त्या तारखेच्या चौकोनात चार आकडे, रोज सकाळच्या पहिल्या दुधाआधी. या वयात रोज १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. एक दिवस वाढ थांबली तर कारण शोधायचं, घट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लू चालतंय, ओरडतंय, छान दिसतंय यावर विसंबू नये. डोळ्यांना दिसायच्या आदल्या दिवशी काटा सांगतो.

दुसऱ्या दिवशी राखाडी ८२, तिसऱ्या दिवशी ८३, चौथ्या दिवशी ९१. बाकी तिघं तोवर १४० च्या पुढे किंवा जवळ पोचली होती.

मग नवव्या दिवशी तांबड्याचा आकडा अडला. २०५, दुसऱ्या दिवशी २०६, नंतर २०३, आणि शी पिवळी-हिरवी, पातळ. दूध तेच, सिरिंज उकळलेली, खोका स्वच्छ. उलगडा झाला तो घरातल्यांना एकत्र बसवून विचारल्यावर. तांबडं सगळ्यात जास्त ओरडायचं. पहाटे पाचचं दूध सूनबाई पाजायच्या, आणि सहाला उठलेल्या आजी "हे उपाशी आहे गं" म्हणून आणखी ४ मिली द्यायच्या. चार दिवस हेच चाललं होतं. जास्त दूध पचत नाही, न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते. एक दिवस दूध निम्म्या ओआरएसच्या पाण्यात पातळ करून दिलं, मात्रा हिशेबाला आणली, आणि चौकोनात वजनाखाली प्रत्येक पाजणीची खूण सुरू झाली. तिसऱ्या दिवशी २१६. ओरडण्याचं कारण भूक नव्हतंच: पिशवी त्याच्या बाजूला लवकर गार व्हायची.

ही पिशवी रात्रीचं मोठं दुखणं. ती तीन-चार तासांत निवते, आणि निवलेली पिशवी नुसती निकामी नसते, ती पिल्लांच्याच अंगातली ऊब ओढून घेते. विजेचं शेकायचं पॅड आणलं होतं, पण पावसात लाइट गेली की तेही थंड. शेवटी जमलं ते असं: पॅड कमीत कमी आचेवर, त्यावर दुहेरी वाकळ, आणि थर्मासमध्ये गरम पाणी कायम तयार. लाइट गेली की दोन काचेच्या बाटल्या भरून मोज्यांत घालून खोक्याच्या कडेला. पहिल्या आठवड्यात खोक्यात ३० ते ३२ अंश, दुसऱ्या आठवड्यात २७ ते २९, नंतर २५ च्या आसपास. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. एकावर एक ढीग केला तर गार, लांब लांब पसरून ओरडली तर उकडतंय, शेजारी शेजारी निजून अंग मधूनच झटकत असली तर ठीक. ते झटकणं रोगाचं नाही, वाढीचं आहे.

दुसऱ्या आठवड्यातल्या तीन गोष्टी

पोरक्या पिल्लांत एक त्रास हमखास होतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही. चोखायला आई नसते, म्हणून ती एकमेकांना चोखतात, बहुतेक वेळा शेपटीखाली. इथे काळ्या-पांढऱ्यानं राखाडीला चोखून चोखून तिथली कातडी लाल आणि सुजलेली केली. शू थेंब थेंब यायला लागली. सूज आणखी वाढली असती तर मार्ग बंद होऊन जिवावर बेतलं असतं. खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे पडदे लावून चार कप्पे केले, प्रत्येक कप्प्यात गुंडाळलेला मोजा. चार दिवस वेगळी ठेवल्यावर सूज उतरली. भावंडांची ऊब गेल्यामुळे त्या चार दिवसांत पॅड सगळ्या तळाखाली घ्यावं लागलं आणि दर तासाला हात घालून पाहावं लागलं.

तिरंगीचा उजवा डोळा मिटलेलाच राहिला आणि पापणीखाली फुगवटा आला. डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात, त्याआधी असा फुगवटा दिसला तर आत पू साठलेला असतो आणि तो बुबुळ खातो. कोमट पाण्याच्या कापसानं शेकून त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पापणी मोकळी करून पू धुतला आणि मलम दिलं. घरातलं जुनं आय-ड्रॉप घालायचा मोह टाळावा, त्यात स्टेरॉइड असलं तर जखम वाढते.

तिसरी गोष्ट पिसवा. वाकळांत भरपूर होत्या. राखाडीच्या हिरड्या गुलाबीऐवजी पांढुरक्या पडल्या तेव्हा लक्ष गेलं. इतक्या लहान अंगातलं रक्त पिसवा पाहता पाहता संपवतात. मानेवर टाकायची बहुतेक औषधं आठ आठवड्यांआधी चालत नाहीत, आणि कुत्र्यांसाठीच्या परमेथ्रिनच्या औषधानं मांजर मरतं. इथे कामाला आली ती उवा काढायची बारीक फणी. मानेपासून शेपटीकडे विंचरून प्रत्येक फेरीला फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. दिवसातून दोनदा, आठवडाभर. वाकळा उकळत्या पाण्यातून काढल्या, माडी झाडून घेतली. नाहीतर पिसवा परत चढतात.

दुधावरून खाण्याकडे

पंचविसाव्या दिवशी, म्हणजे वय चार आठवड्यांचं झाल्यावर, आकडे असे होते: ४२८, ४११, ४०२, ३३८. दात आले होते, पिल्लं सिरिंजचं टोक चावायला लागली होती. जंताचं पहिलं औषध त्याआधीच, तिसऱ्या आठवड्यात झालं होतं. आईच्या दुधातून जंत येतात, त्यामुळे पिल्लू घराबाहेर गेलं नाही म्हणून ते टळत नाहीत. पुढे दर दोन आठवड्यांनी.

घरात दूध-भात तयारच होता. मांजराला तो आवडतोही, पण त्यावर ते वाढत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, तो कमी पडला तर पुढे दृष्टी आणि हृदय दोन्ही जातात. मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली भाकरीही नको, पांढरा असो की तांबडा. त्यातल्या कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. लहान पिल्लांसाठीचं कोरडं खाणं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, त्यात त्यांचंच दूध घालून पातळ लापशी केली आणि बशीत ठेवली. पहिले दोन दिवस ती पायांनीच खाल्ली. दूध एकदम तोडलं नाही, दहा-बारा दिवसांत एकेक पाजणी कमी केली. बदल म्हणून मीठ-मसाल्याविना उकडलेलं चिकन चालतं, पण नुसत्या चिकनवर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात.

शी-शूसाठी उथळ ट्रेमध्ये फाडलेलं वर्तमानपत्र. गठ्ठा होणारी तयार वाळू या वयात पिल्लं खातात आणि ती पोटात फुगते, म्हणून ती दोन महिन्यांनंतर.

तिरंगी आणि राखाडी घरातच राहिली. तांबडं आणि काळं-पांढरं नऊ आठवडे पुरे झाल्यावर एकत्र, एकाच घरी, राजारामपुरीत दिली. आठ आठवड्यांआधी द्यायची नाहीत, कारण चावताना जोर किती लावायचा हे ती भावंडांकडून त्याच काळात शिकतात. मंडईत किंवा मासळी बाजाराजवळ सोडून येणं म्हणजे मारणंच, आणि १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार उपासमारीनं हाल होतील अशा अवस्थेत प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे. देताना सोबत गेलं ते असं: चार दिवसांचं सवयीचं खाणं, त्यांच्या वासाचा वाकळेचा तुकडा, जंताच्या औषधाच्या तारखा, आणि आठव्या आठवड्यात झालेल्या पहिल्या लसीचं कार्ड. दुसरी लस आणि रेबीजची लस बाराव्या आठवड्यात. राखाडीचा पहिला डोस डॉक्टरांनी वजन कमी म्हणून एक आठवडा पुढे ढकलला होता, तो ७६० ग्रॅमवर दिला. ती आणि तिरंगी दोघीही माद्या, त्यांच्या नसबंदीची तारीख पाचव्या महिन्यातली ठरली आहे.